डिजिटल साहेबांना शिरसाष्टांग

आदरणीय साहेब,

शि. सा. न. वि. वि.

'डिजिटल ग्रोथ गुरू', 'ब्रँड स्टोरीटेलर' आणि 'कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट' हे आपले किताब आपल्याच व्हिजिटिंग कार्डावरून उतरवून घेतले आहेत. एखादा राहून गेला असल्यास मोठ्या मनाने माफी असावी. आपल्या एजन्सीचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. आपल्या दरपत्रकात 'ब्रँड मेन्शन'चे पैसे वेगळे आहेत, आणि तेवढी वसुली आपल्याकडून करण्याची आमची ताकद नाही.

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरगुती दुकानाचा आपण 'ब्रँड' केलात, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. खाजगीतच मानणार होतो. पण आपण फोन उचलत नाही.

आपण भेटण्याआधी आम्ही फारच मागासलेले होतो. वहिनी आमसुलं, आगळ, आंब्याची साटं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला करायची, मी पडवीतल्या उजेडात फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो. सुपात आमसुलं, आणि कडेला हमखास कुणाचा तरी पाय. खाली मजकूर : 'यंदाची आमसुलं वाळली. मीठ बेताचं. अर्धा किलो आणि एक किलो. पार्सल सोमवारी निघेल.' मुंबई-पुण्याची माणसं एवढं वाचून पैसे पाठवायची. याला कंटेंट म्हणत नाहीत, यात 'स्टोरी' नाही, 'हुक' नाही, 'इमोशन' नाही, हे आपण पहिल्याच भेटीत समजावलंत. वहिनीने दिलेली सोलकढी पिता पिता समजावलंत. दुसरा पेलाही मागून घेतलात. तीत इमोशनची उणीव आपल्याला जाणवली नसावी.

वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी सगळं घर माझ्या फोनवर ओणवं झालं होतं. कोकमाच्या पानावर एक देखणं फळ होतं : जाड जांभळी साल, वर हिरवी टोपी, आत गराच्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या. वहिनी म्हणाली, ''ह्यो खयचो रातांबो रे?'' साहेब, तो मँगोस्टीन होता. आपली निवड अगदीच परकी म्हणवत नाही; दोघंही गार्सिनिया गोत्रातलेच, भाऊबंदकीत इतकं चालायचं. फक्त आमच्या अंगणात रातांब्याचं, म्हणजे कोकमाचंच, झाड आहे, आणि त्या भेटीत आपली गाडी त्याच्याच सावलीत उभी होती.

पण आपल्या प्रतिभेला खरा बहर आला तो आगळाच्या पानावर. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो : आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. तो सोलकढीला, आमटीला, माशांच्या कढीला. साखर घालून करतात ते अमृत कोकम, त्यात पाणी ओतलं की सरबत. आगळात नुसतं पाणी ओतलं तर खारट-आंबट पाणीच होतं, दुसरं काही होत नाही. हा फरक इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. आपण मात्र असल्या बारकाव्यांत अडकला नाहीत. आपण लिहिलंत : 'उन्हाच्या झळा विसरा! ग्लासात आगळ घ्या, थंडगार पाणी ओता आणि बालपणीच्या गोड आठवणींचा घोट घ्या!'

नागपूरच्या एका सद्गृहस्थांनी भर मे महिन्यात हा घोट पाहुण्यांना दिला. पाव पेला आगळ, वर पाणी, वर बर्फ, आपण लिहिलं होतं तसंच. नंतरचा फोन मी घेतला. कुणाला कोणत्या आठवणी आल्या ते त्यांनी सविस्तर सांगितलं. छापण्याजोगं एवढंच, की पाहुणे म्हणजे व्याही होते. वहिनीने त्यांना पदरच्या खर्चाने अमृत कोकमाची बाटली पाठवली. आणि आपण त्या महिन्याच्या अहवालात हा सगळा प्रकार 'कस्टमर एंगेजमेंट'मध्ये मोजलात! हे औदार्य आम्हाला जमलं नसतं.

आपल्याला आमच्या ग्राहकांच्या तब्येतीचीही किती काळजी! 'कोकम : मधुमेहावर रामबाण! महिन्यात दहा किलो वजन कमी!' वहिनी जन्मभर कोकम खात आली आहे. ते वाचून तिने एकदा आरशात पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. अन्नपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इतक्या मोठ्या रकमेशी आमच्या घराण्याचं नाव जोडण्याची कल्पना याआधी कुणालाच सुचली नव्हती.

बाटलीवरच्या लेबलाने 'फ्रेम क्लटर होते' म्हणून आपण फोटोतून लेबलच पुसलंत. त्यावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक होता, निव्वळ वजन, किंमत, आमचा पत्ता, तक्रारीसाठी फोन होता. पॅकबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांत दुरुस्ती होऊन २०१८पासून ऑनलाइन विकणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं पानावर दाखवावं लागतं. पण नियमांचा फॉन्ट आपल्याला आवडला नसावा. त्या जागी आपण 'मेड विथ लव्ह' घातलंत. किती ग्रॅम, ते घातलं नाहीत.

आता आजीविषयी. 'आमची कहाणी' नावाच्या पानावर आपण आम्हाला एक आजी दिलीत. रुपेरी केस, नाकात नथ, हातात चिनीमातीची बरणी, डोळ्यांच्या कडा ओल्या. खाली मजकूर : 'आजीच्या थरथरत्या हातांनी १९५२ साली पेटवलेली ती चूल आजही विझलेली नाही.' आमसुलं उन्हात वाळतात, चुलीवर नाही. पण चूल नसली की स्टोरी उभी राहत नाही, हे आता आम्हालाही कळतं.

माझी आई तेव्हा पडवीत रातांबे फोडत बसली होती. तिचे हात थरथरत नाहीत. तिला मी ते पान दाखवलं. तिने बोटांचा रस लुगड्याला पुसला, चष्मा वर सरकवला, आजीला नीट न्याहाळलं आणि विचारलं, ''ही कोणाची आवस रे?'' मला उत्तर देता आलं नाही. आपण देऊ शकाल, कारण हीच माउली सांगलीच्या एका हळदवाल्याच्या साइटवरही आहे. नथ तीच, चूल तीच, साल तेच. बाईंनी १९५२ साली एकाच वेळी दोन जिल्ह्यांत चूल पेटवली होती. तिथल्या मजकुरात एका वाक्यात 'कोकम' हा शब्द बदलायचा राहून गेला आहे. सांगलीत आमची फुकट जाहिरात केल्याबद्दल निराळे आभार.

आपलं 'कंटेंट कॅलेंडर' मी अजून जपून ठेवलं आहे. कोकणात मे महिना म्हणजे रातांबे काढा, फोडा, मीठ आणि रसात बुडवून उन्हात घाला, पुन्हा बुडवा, पुन्हा घाला, आणि मृगाचा पाऊस यायच्या आत सगळं आवरा. नवी आमसुलं कधी, असं याच दिवसांत लोक विचारतात. त्याच मे महिन्यात २१ तारखेला आपण आमच्या पानावरून जागतिक चहा दिनाच्या शुभेच्छा दिल्यात. आम्ही चहा विकत नाही. १७ जुलैला जागतिक इमोजी दिनाच्याही दिल्यात. इमोजींकडून अद्याप मागणी आलेली नाही.

चतुर्थीच्या पोस्टवर आमचा लोगो गणपतीपेक्षा अंमळ मोठा होता. भटजींनी तो पाहिला, एवढंच सांगतो. चतुर्थीला चाकरमानी गावी येतो आणि परतताना पिशव्या भरभरून कोकणमेवा नेतो, आमची वर्षातली मोठी विक्री ती. त्या आठवड्यात दुकान किती वाजेपर्यंत उघडं, मसाला कधीचा कुटलेला, आगळाच्या बाटल्या उरल्यात की संपल्या, यातली एकही गोष्ट आपण पोस्टीत येऊ दिली नाहीत. किती संयम!

रीलबद्दल वहिनीच्या वतीने लिहितो. काळा गॉगल घालून हवेत तीनदा बोट दाखवायला आपण तिला सांगितलंत. बोटापाशी नंतर अक्षरं उमटणार होती : 'कोकम वापरताना तुम्हीही या ३ चुका करता का?' पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून तिने ते केलं. आपण त्यावर सिनेमाचं गाणं टाकलंत. धंद्याच्या खात्याला अशी गाणी बहुधा वापरता येत नाहीत, त्यामुळे आवाज गेला. आता वहिनी गॉगल घालून निःशब्दपणे आकाशाकडे बोट दाखवते. बाजारात पोरं तिला बघून तसंच बोट दाखवतात. 'व्हायरल' म्हणजे काय, हे आम्हाला इतक्या जवळून कोणी दाखवलं नसतं.

अभिप्रायही आपणच लिहिलेत, ग्राहकांना तेवढाच कमी त्रास. 'हापूस एकदम फ्रेश, रस हातावरून ओघळत होता. पाच स्टार.' तारीख डिसेंबरची. डिसेंबरात हापूसच्या झाडावर मोहोर असतो, तोही थंडी बरी पडली तर. शिवाय आम्ही हापूस विकत नाही, साटं विकतो. विक्रेत्याने ग्राहक बनून स्वतःचं कौतुक लिहू नये, असं ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांत म्हटलं आहे. पण ते नियम करणाऱ्यांनी आपला डिसेंबरातला आंबा चाखलेला नाही.

आणि तो समुद्र! साइट उघडली की आधी निळ्याशार लाटांचं चित्रण चालू होतं. आमच्या गावातून समुद्र दिसत नाही. रेंज एका काडीची असली की त्या लाटा किनाऱ्याला लागेपर्यंत माणूस दुसऱ्या दुकानात जाऊन पैसे देऊन येतो. जे चिकाटीने थांबतात त्यांना फोन नंबर सापडत नाही, कारण 'प्रोफेशनल' दिसावं म्हणून आपण तो काढून एक फॉर्म बसवलात. तो फॉर्म भरला की निरोप आपल्या ईमेलवर येतो. डोंबिवलीच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाच्या रुखवतासाठी साटं आणि आमसुलं मागवली होती म्हणे. लग्न छान झालं असेल अशी आशा आहे. आपल्याला आमंत्रण होतं का?

दर महिन्याला येणारा आपला अहवाल मात्र नेत्रसुखद असायचा. रीच वर, इम्प्रेशन वर, फॉलोअर वर. शेजारी वहिनीची मागणीची वही ठेवून बघितली की तेवढी एक खाली. नवे फॉलोअर कुठल्या कुठल्या देशांतले. आमचं पार्सल भारताबाहेर जात नाही आणि त्यांनाही ते नको आहे. एकाही फॉलोअरने आजवर 'मीठ जास्त आहे का?' असं विचारलेलं नाही. त्यावरूनच ओळखायला हवं होतं की ही माणसं आमसुलं खाणारी नव्हेत.

आता एक क्षुद्र विनंती. आमच्या दुकानाच्या नावाचं डोमेन आपण स्वतःच्या नावावर नोंदवलंत. पैसे आमचे, नाव आमचं, मालकी आपली. आमच्या डोक्याला ताप नको हाच हेतू असणार. आता नूतनीकरणासाठी आपण जी रक्कम सुचवली आहे, तीत डॉट इन डोमेनचं बऱ्याच वर्षांचं शुल्क भागेल. एरवी ते वर्षाला हजाराच्या आसपास असतं. नोंदणी दुसरीकडे हलवायला एक कोड लागतो. त्याला ऑथ कोड म्हणतात आणि तो लॉगिन केल्यावर चहा निवायच्या आत मिळतो. ज्या हातांनी चहा दिनाच्या शुभेच्छा दिल्या, त्यांना हे अवघड नाही. डॉट इनचा कारभार निक्सी या संस्थेकडे आहे आणि डोमेनच्या तंट्यांसाठी तिचं रीतसर धोरण आहे. सध्या रात्री जेवणानंतर मी तेच वाचतो. आपल्या मजकुरापेक्षा रूक्ष आहे, पण आजी नसल्यामुळे पटपट वाचून होतं.

तेव्हा तो कोड, इन्स्टाग्रामचा पासवर्ड आणि गूगलवरच्या आमच्या दुकानाच्या नोंदीची मालकी, एवढं कृपा करून पाठवावं. आजी आपल्याकडेच राहू द्या. सांगलीकरांना लागेल.

आपला कृपाभिलाषी,
वहिनीचा दीर

ता. क. : हे पत्र जे आपल्या खांद्यावरून वाचत आहेत त्यांच्यासाठी. दुकानाची वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेतली असेल, तर डोमेनच्या नोंदणीत मालक म्हणून नाव कोणाचं आहे ते आजच बघा. आणि आमच्या साइटवरून कृपया काही मागवू नका. तिथली मागणी साहेबांकडे जाते, आणि साहेबांकडे आमसुलं नाहीत.