मंगळ आणि साडेसहा लाख स्थळं

आमच्या ओळखीच्या एका वधू-वर सूचक मंडळाने कागदी फॉर्म सोडून संगणकाची कास धरली आणि 'कॉम्प्युटरमधलं कळणारा मुलगा' म्हणून मला बोलावणं आलं. सचिवकाकांची मागणी एकच होती. "फॉर्ममध्ये जे जे भरता येतं, त्याची सगळी कॉम्बिनेशनं करून सॉफ्टवेअर तपासायचं. उद्या एखादं स्थळ आलं आणि तुझं यंत्र अडलं, तर शोभा व्हायची!"

काकांना वाटलं, महिन्याभराचं काम असणार. पायथनमध्ये ते एका ओळीत होतं. आयटरटूल्स नावाच्या भांडारात प्रॉडक्ट नावाचं फंक्शन असतं. त्याच्यापुढे याद्या टाकल्या, की पहिल्या यादीतल्या प्रत्येकाची दुसरीतल्या प्रत्येकाशी आणि त्या जोड्यांची तिसरीतल्या प्रत्येकाशी ते गाठ मारत सुटतं. ना पसंती, ना मानपान. गणितात याला कार्टेशियन गुणाकार म्हणतात, रेने देकार्त या फ्रेंच विद्वानाच्या नावावरून. देकार्त जन्मभर अविवाहित राहिला, हे मी काकांना सांगितलं नाही.

राशी 12, नक्षत्रं 27, चरण 4, गण 3, नाड्या 3, योनी 14, वर्ण 4. एकूण ओळी 6,53,184. काका हरखले. "एवढी स्थळं पुण्यात कोणाकडे नसतील!" मग त्यांना आठवलं, मंगळ राहिला. आहे किंवा नाही, दोनच पर्याय. पण आकडा दुप्पट होऊन 13,06,368 वर गेला. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळीच मावतात. फाइल उघडताच त्याने तसं बजावलं आणि उरलेल्या ओळी सरळ गाळल्या. मंगळामुळे जुळत आलेलं मोडतं, हे ऐकून होतो. एक्सेलशीही मोडतं, हे डोळ्यांनी पाहिलं.

मंडळात पत्रिका बघायचं काम काकूंचं. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून त्यांनी स्क्रीनवरची एक ओळ वाचली: अश्विनी नक्षत्र, तिसरा चरण, मीन रास, राक्षस गण, अंत्य नाडी, मांजर योनी.

"हा कोण रे? अश्विनीची रास मेष, गण देव, नाडी आद्य, योनी घोडा. याने तर घोड्याचं मांजर केलंय! जो जन्मालाच येऊ शकत नाही, त्याचं लग्न कसलं जमवताय?"

काकूंनी एका दमात सगळा कोड मोडीत काढला. नक्षत्र आणि चरण ठरले, की बाकीचं आपोआप ठरतं. 27 नक्षत्रांचे मिळून 108 चरण, प्रत्येक राशीच्या वाट्याला 9. चरणांना शून्यापासून क्रमांक देऊन 9 ने भागलं, की रास हातात. गण, नाडी, योनी नक्षत्रावरून, वर्ण राशीवरून. म्हणजे खऱ्या ओळी 108, मंगळ धरून 216. आमच्या यादीत दर 6,048 ओळींमागे एकच लग्नाला उभा राहू शकत होता. "आपल्याकडे येणाऱ्या स्थळांचं प्रमाणही तेवढंच आहे," काकू म्हणाल्या.

भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त विचारलं होतं, शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे देता येतील? उत्तर 36,28,800. पण आचार्य संख्या सांगून थांबले, यादी करत बसले नाहीत. मोजायचं किती आणि मांडायचं किती, हे त्यांना एक्सेलने बजावावं लागलं नाही.

काकांची मात्र हळहळ जाईना. "आणि कोणी खरंच अश्विनीला मीन भरली तर?" शंका रास्त होती, लोक फॉर्ममध्ये काय भरतील, हे कुठल्याच पंचांगात लिहिलेलं नसतं. पण त्यासाठी तेरा लाख ओळी कशाला? खऱ्या 216 ओळी सॉफ्टवेअरने स्वीकारायच्या आणि एकेक नियम मोडणारी एकेक खोटी ओळ नाकारायची, एवढ्यात भागतं. त्याहून सोपं म्हणजे रास, गण, नाडी हे विचारायचंच नाही. नक्षत्र-चरणावरून यंत्रानेच भरायचं.

तेव्हा कॉम्बिनेशनं काढायला बसणाऱ्या मंडळींनो, आधी कोणता रकाना स्वतंत्र आहे आणि कोणता दुसऱ्याच्या ताटाखालचं मांजर आहे, ते पाहून घ्या. आणि ते कोडला विचारू नका, काकूंना विचारा.