प्रोत्साहनाचे पाटणपर्व

स्थानिक अक्षय ऊर्जेला उत्तेजन देणाऱ्या सरकारी धोरणांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने जर्मनी-डेन्मार्कच्या वाऱ्या करण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातला पाटण तालुका त्यासाठी पुरेसा आहे. पाणी, वारा आणि ऊन या तिन्हींवर शासनाने जे प्रयोग केले, ते या एकाच तालुक्यात कालक्रमाने मांडून ठेवल्यासारखे आढळतात, आणि तिन्हींत एक सूत्र इतक्या निष्ठेने पाळले गेले आहे की त्याला योगायोग म्हणणे हा प्रशासनाचा अवमान ठरेल. ऊर्जा जिथे निर्माण व्हायची तिथली जमीन घ्यावी, तिथले डोंगर वापरावेत, तिथल्या ग्रामसभेचा ठराव फाइलीला जोडावा. मात्र त्या ऊर्जेची मालकी, दर आणि नफा यांचा तिथल्या माणसांना वारा लागू देऊ नये, असे ते सूत्र आहे.

पहिले पर्व पाण्याचे. कोयना धरण पाटण तालुक्यात, पण त्याचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरते, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रे फिरवते, आणि एकूण १९६० मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पाची वीज राज्यभर जाते. धरणासाठी उठलेल्या गावांची तिसरी पिढी अजून पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन आंदोलनाला बसते, यावरून त्या गावांनी प्रकल्पाशी नाते तोडलेले नाही हे सिद्ध होते. शास्त्रीय दृष्ट्या उद्बोधक गोष्ट वेगळीच आहे. २५ मेगावॉटपेक्षा मोठा जलविद्युत प्रकल्प केंद्र सरकारच्या हिशेबात मार्च २०१९ पर्यंत अक्षय ऊर्जेत धरला जात नसे. त्या महिन्यात तसा निर्णय झाला आणि तेव्हापासून तो धरला जाऊ लागला. पाऊस दरवर्षी पडतो ही बाब कोयनेच्या खोऱ्यात आधीपासून माहीत होती, परंतु तिला सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी नव्हती.

दुसरे पर्व वाऱ्याचे, आणि धोरणकर्त्यांच्या प्रतिभेचा कळस इथेच दिसतो. कोयनेच्या जलाशयावरच्या उंच पठारावर, वनकुसवडे परिसरात, गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या वाऱ्यामुळे उभ्या राहिल्या असा जो सार्वत्रिक समज आहे, तो अर्धाच खरा आहे. त्यांना उभे करणारी दुसरी शक्ती म्हणजे घसारा. यंत्र वापराने झिजते म्हणून त्याच्या किमतीचा ठरावीक भाग दरवर्षी करपात्र नफ्यातून वजा करू देण्याच्या तरतुदीला घसारा म्हणतात. पवनचक्कीच्या बाबतीत ही झीज इतकी तातडीने मान्य करण्यात आली की आरंभी पहिल्याच वर्षी पूर्ण किंमत, आणि पुढे ८० टक्के दराने, वजा करता येई. म्हणजे चक्की करकरीत नवी असतानाच आयकराच्या वहीत तिचे निधन झालेले असे. परिणामी वाऱ्याशी ज्यांचा कधी संबंध आला नव्हता अशा, नफा बक्कळ आणि कर जड असलेल्या उद्योगांना पाटणच्या पठाराविषयी एकाएकी ममत्व वाटू लागले.

या तरतुदीचा एक बारकावा कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालण्याजोगा आहे. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरल्या गेलेल्या यंत्राला त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, त्यामुळे सप्टेंबर संपण्यापूर्वी चक्की सुरू झाल्याचा दाखला हातात पडणे महत्त्वाचे ठरे. साताऱ्याच्या पठारावर खरा जोरकस वारा मोसमी पावसाबरोबर जून ते ऑगस्टमध्ये वाहतो. सप्टेंबरअखेरीस पाती फिरू लागतात तेव्हा वर्षाचा चांगला वारा वाहून गेलेला असतो, पण करसल्लागाराच्या पंचांगानुसार मुहूर्त अचूक साधलेला असतो. चक्कीची दोन उत्पादने, एक वीज व दुसरे घसारा, आणि त्यांपैकी दुसऱ्याला वाऱ्याची गरज नाही, हे ध्यानात यायला शासनाला बराच काळ लागला. २००९ मध्ये केंद्राने तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देणारे उत्पादनाधारित प्रोत्साहन आणले, म्हणजेच चक्कीने केवळ उभे न राहता फिरावेही अशी अपेक्षा प्रथमच लेखी व्यक्त झाली. २०१२ मध्ये वेगवान घसारा आणि हे प्रोत्साहन दोन्ही काढून घेताच देशात नव्या चक्क्यांचे प्रमाण एका वर्षात जवळपास निम्म्यावर आले, आणि पुढच्या दोन वर्षांत दोन्ही सवलती परत द्याव्या लागल्या. भारतातल्या वाऱ्याचा वेग पठारावर खांब रोवून मोजण्याऐवजी अर्थसंकल्पाच्या भाषणात मोजावा, असे अनुमान यावरून निघते. पठारावरच्या गावांना मिळाले ते जमिनीचे एकरकमी पैसे, रखवालदारीच्या काही नोकऱ्या, आणि दिवे गेल्यावरही फिरत राहणारी पाती पाहण्याची सोय.

तिसरे पर्व उन्हाचे असून ते सध्या राज्यभर चालू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला, म्हणजे पंपांसाठी वेगळ्या काढलेल्या वीजतारेला, दिवसा वीज देण्याचे योजले आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये अशी तरतूद आहे. रात्री दोन वाजता बॅटरी हातात धरून, साप आणि बिबट्या यांची चाहूल घेत दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल सांगायला नको. हा लाभ खरा आहे आणि उपहासाच्या कक्षेबाहेर आहे. तथापि प्रकल्प विकासकाचा, वीज महावितरणची, आणि गावाचे काय, तर गायरान, या वाटणीत पहिल्या दोन पर्वांचे सूत्र अबाधित राहते. गायरान नाममात्र भाड्याने प्रकल्पाकडे गेल्यावर तिथे चरणारी गुरे कुठे जावीत याचा उल्लेख योजनेच्या जाहिरातीत नाही. गुरांनीही विहित मुदतीत हरकती नोंदवल्या नसाव्यात.

शेतकऱ्याने स्वतःच प्रकल्पाचा मालक व्हावे अशीही एक योजना आहे, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. २०१९ च्या पीएम कुसुम योजनेचा ‘अ’ घटक शेतकरी, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांना उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प उभारू देतो. एका मेगावॉटला चारेक कोटी रुपये खर्च येतो, वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट होतात, आणि तीन रुपयांच्या आसपास दर धरल्यास देखभाल, विमा व व्याज वजा करण्यापूर्वी पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस लाख हाती येतात. हिशेब कागदावर बसतो. अडचण एवढीच की योजनेला जमीन पडीक हवी असते आणि बँकेला तारण कसदार. १०,००० मेगावॉटच्या देशव्यापी उद्दिष्टाचा लहानसा अंशच या घटकातून पूर्ण झाला, तेव्हा ज्याच्याकडे जमीन आहे त्याने ती ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला भाड्याने द्यावी, हा पर्यायही योजनेतच दूरदृष्टीने ठेवलेला होता.

गच्चीवरची वीज हे या पर्वातले सर्वांत नाजूक प्रकरण होय, कारण तिथे मालक खरोखरच स्थानिक असतो. नेट मीटरिंग म्हणजे दिवसा छतावर तयार झालेली जादा वीज जाळ्यात सोडून रात्री घेतलेल्या विजेतून ती वजा करण्याची पद्धत. मार्चअखेर शिल्लक राहिलेले युनिट वितरण कंपनी राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर ग्राहकाला वरच्या टप्प्यात मोजाव्या लागणाऱ्या दराच्या मानाने इतका किरकोळ असतो की त्याला खरेदीपेक्षा आहेर म्हणणे योग्य ठरेल. वितरण कंपनीची बाजूही समजण्याजोगी आहे. राज्याच्या वीजदरात जास्त वापरणारे घरगुती ग्राहक, दुकानदार व कारखाने चढा दर भरतात आणि त्यातून शेतीपंप व गरीब घरांची वीज स्वस्त राहते, ज्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. गच्चीवर पॅनेल लावायला पुढे येतो तो नेमका हाच भरवशाचा गिऱ्हाईक. त्यामुळे केंद्र त्याला अनुदान देऊन बोलावते आणि ज्या कंपनीच्या हाती त्याची फाइल असते, तिचे नुकसान त्या फाइलीच्या वेगाबरोबर वाढते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने नेट मीटरिंगची हमी १० किलोवॉटपुरती ठेवली आणि ओरड झाल्यावर २०२१ मध्ये ती ५०० किलोवॉटपर्यंत नेली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०२० च्या दरआदेशात ठरवले की जाळ्याच्या वापराबद्दलचा ‘ग्रिड सपोर्ट’ आकार राज्यातली छतावरची क्षमता ५००० मेगावॉट होईपर्यंत लावू नये आणि १० किलोवॉटपर्यंतच्या ग्राहकांना त्यातून वगळावे. म्हणजे प्रोत्साहन यशस्वी झाल्याचे ओळखण्याची खूण आयोगाने नेमकी सांगून ठेवली आहे: ज्या दिवशी त्यावर आकार बसेल, तो दिवस.

२०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट गेली आहे, आणि अर्जाचा प्रवास पूर्वीपेक्षा खरोखर सुकर झाला आहे. त्याच वर्षी पाटण तालुक्यातली शंभरेक घरांची मान्याचीवाडी राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाली. इथे जलाशयापाशी नाही, पठारावर नाही, तर लोकांच्या स्वतःच्या छपरांवर वीज तयार होत असल्याने तिची नोंद तिन्ही पर्वांत वेगळी करावी लागते. सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यातल्या एका आदर्श सौरग्रामाला १ कोटी रुपये देण्याची स्पर्धा आहे आणि त्यात उतरणाऱ्या गावाची लोकसंख्या सर्वसाधारण राज्यांत ५००० हून अधिक असावी लागते. शंभरेक घरांची वाडी या निकषात बसत नाही. तिला बसवायचे तर प्रत्येक घरात पन्नासावर माणसे लागतील, आणि त्यासाठी ऊर्जा विभागाला आधी कुटुंबकल्याण विभागाचा अभिप्राय मागवावा लागेल.