आले का रे?

पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी जिल्हा झाला. कलेक्टर आले, एसपी आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. आम्हा पोरांना वाटलं, आपला काय संबंध? संबंध होता. एप्रिल 2018 मध्ये आदिवासी विकास विभागाने ठरवलं की, शहरांतल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांत खानावळ नको, जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. पालघर आता जिल्ह्याचं ठिकाण, म्हणून आमच्या वसतिगृहातलीही खानावळ गेली. त्या जुलैत या निर्णयाविरुद्ध पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. त्यांची कारणं गंभीर होती आणि खरीही होती. मी मात्र एका किरकोळ परिणामाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे मैत्री.

खानावळ होती तोवर आमच्यात एकोपा होता. डाळ पातळ आहे, यावर जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी अशा साऱ्या तालुक्यांचं एकमत. शिव्या द्यायला हक्काचा ठेकेदार होता. तो गेला आणि शिव्या बेवारस झाल्या. शेवटी त्या रूम पार्टनरच्या वाट्याला आल्या.

पैसे सगळ्यांचे एकाच दिवशी आले असते तर एवढं रामायण घडलं नसतं. पण कुणाचं आधार खात्याला जोडलेलं नाही, कुणाच्या नावातला अनुस्वार बँकेने गिळलेला, कुणाचं खातं गावच्या शाखेत निवांत झोपलेलं. त्यामुळे सकाळी दात घासताना एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच: "आले का रे?" ज्याचे आधी आले, तो त्या महिन्याचा सावकार. काल ज्याला "ए बारक्या" म्हणून हाक मारली, त्याला आज "भाऊ, चहा घेतला का?" भाऊ व्याज घेत नाही, पण खिडकीजवळची कॉट, चार्जिंगचा एकुलता चालू प्लग आणि तयार जर्नल आपसूक त्याच्याकडे सरकतं. पुढच्या महिन्यात भलत्याचेच आधी आले की कॉट रिकामी करून बारक्या पुन्हा बारक्या. इतकं शिस्तीत सत्तांतर मी ग्रामपंचायतीतही पाहिलेलं नाही.

सावकाराला टक्कर देणारा एकच, घरून पिशवी येणारा. वाड्याकडच्या पोराकडे कोलम असला की रोख पैसेवालेही ताट घेऊन दारात उभे. कॉलेजातला सातपाटीचा दोस्त एकदा सुके बोंबील देऊन गेला. ते भाजल्यावर, ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं अशी माणसंही "अभ्यासाचं विचारायचं होतं" म्हणत आली.

आणि मग बोईसरचा शेठ. दिवाळीच्या सुट्टीत तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जाऊन आलेला. पालघरहून गाडीत बसलं की मध्ये उमरोळी, मग बोईसर, इतकाच काय तो प्रवास. पण परतताना हा दुबईहून आल्यासारखा चालायचा. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना वडापाव. हिशेब नाही, वही नाही. पुढे तीन महिने मात्र कुठल्याही वादात, अगदी क्रिकेटच्यासुद्धा, तो वडापाव पुराव्यादाखल सादर व्हायचा. मला विचाराल तर या शेठपेक्षा सावकार बरा. सावकाराचं फिटतं तरी.

पूर्वी उधारी टाळायला "सुट्टे नाहीत" पुरायचं. यूपीआयने ती सोय काढून घेतली, तर पोरांनी "सर्व्हर डाऊन" शोधला. मोखाड्याच्या पोरांकडे तर "गावी गेलो होतो, रेंज नव्हती" हे ब्रह्मास्त्र. त्याला उत्तर नाही, कारण रेंज खरोखरच नसते.

आता मी बोईसरलाच नोकरी करतो. पगार येतो, आधारही जोडलेलं आहे. विक्रमगडच्या ज्या सद्गृहस्थाकडे माझे मेसचे पैसे अडकलेत, तो सरकारी नोकरीत लागल्याचं कानावर आलंय. भावा, वाचत असशील तर व्याज माफ. फक्त मुद्दल जीपे कर, नंबर तोच आहे.