काखेतला कळसा शोधून देताना : नवशिक्या सल्लागारांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुम्हाला मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये नोकरी लागली. आता सर्वांत अवघड काम म्हणजे ती घरी समजावून सांगणं. मीरा रोडच्या सोसायटीत ‘मुलगा काय करतो?’ याला ‘बँकेत’, ‘रेल्वेत’ अशी एका शब्दाची उत्तरं लागतात. ‘कंपन्यांना सल्ले देतो’ म्हणालात, तर शेजारच्या काकू म्हणतील, “त्याचा पगार मिळतो? आमचे हे तर जन्मभर फुकट देतायत.” वाद घालू नका. पुढच्या पायऱ्या पाळा.

पायरी 1 : मुलाखत
इथे माहिती विचारत नाहीत, अंदाज विचारतात. ‘मीरा-भाईंदरमध्ये रोज किती वडापाव खपतात?’ ‘माहीत नाही’ हे खरं उत्तर आहे, म्हणूनच ते देऊ नये. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,09,378 होती. आज 10 लाख धरा. दहातला एक जण रोज एक खातो असं माना. उत्तर आलं 1 लाख. ‘दहातला एकच का?’ असं कोणी विचारलं, तर शांतपणे म्हणा, “हे माझं गृहीतक आहे.” गृहीतक म्हणजे कोट घातलेली थाप.

पायरी 2 : प्रवास
ऑफिस बीकेसीत किंवा लोअर परळला. विरारहून भरून आलेल्या गाडीत सकाळी साडेआठला मीरा रोडला चढायला जाऊ नका. उलटं भाईंदरला जा, तिथून सुटणारी लोकल पकडा, बसून या. पुढे जाण्यासाठी एक स्टेशन मागे जायचं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ऑफिसात यालाच ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात आणि त्याचं बिल लावतात.

पायरी 3 : चौकोन
1970 साली बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी कंपन्यांचे सगळे धंदे चार चौकोनांत बसवले : तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा. बाजार किती वाढतोय आणि त्यात आपला वाटा किती, एवढ्या दोनच गोष्टी बघायच्या. गाईचं दूध ताऱ्याला पाजायचं, कुत्र्याला घराबाहेर काढायचं. तुम्हीही रोज एक चौकोन काढा. काय भरायचं ते नंतर सुचतं.

पायरी 4 : गिऱ्हाईक
समजा, भाईंदर पूर्वेच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. मोठ्या फर्मचं बिल शेठला परवडत नाही, पण समजा परवडलं. शेठचं म्हणणं, माल जातो, पण पैसा उरत नाही. तुम्ही तिघं सहा आठवड्यांसाठी जाता. पहिल्याच दिवशी पॉलिश करणारे काका हात पुसत सांगतात, “प्रेसचा डाय झिजलाय. कळशीवर ओरखडे येतात, ते घालवायला दुप्पट पॉलिश लागतं. दोन वर्षं सांगतोय.”

काम संपलं. पण हे कोणालाही कळू देऊ नका, अजून सहा आठवडे शिल्लक आहेत.

पायरी 5 : स्लाइड
साठ करा. बार्बरा मिंटो यांची ‘पिरॅमिड’ पद्धत वापरा : उत्तर आधी, कारणं मागाहून. पहिल्या स्लाइडवर ‘डाय बदला’. उरलेल्या एकोणसाठ स्लाइडवर पॉलिशला लागणारी मिनिटं, वाया गेलेला पत्रा, परत आलेला माल. रात्री साडेबाराला मॅनेजर म्हणेल, “एक छोटासा बदल.” हा बदल कधीही छोटा नसतो. शेवटची विरार लोकल गेली की कंपनीची कॅब. दहिसर चेकनाका येईपर्यंत झोप काढून घ्या.

पायरी 6 : मुदत
शिफारशींना मुदत लांबची द्या. 2003 साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने बॉम्बे फर्स्ट या संस्थेसाठी केलेल्या ‘व्हिजन मुंबई’ अहवालात दहा वर्षांत मुंबई जागतिक दर्जाचं शहर करण्याचा आराखडा होता. 2013 कधीच मागे पडलं. प्रगतीचा आढावा लोकलच्या दाराला लटकून रोज सकाळी घेता येतो.

पायरी 7 : बढती
दोन-तीन वर्षांत वर चढला नाहीत, तर बाहेरचा रस्ता. घाबरू नका, नियम ओळखीचाच आहे. लोकलच्या दारातही मागचे हेच सांगत असतात : आत सरका, नाहीतर उतरा.

नेहमी होणारी चूक
सादरीकरण संपतं. शेठ मान डोलावतात आणि त्याच दिवशी डायवाल्याला फोन लावतात. नवशिक्याला वाटतं, आपण हुशार आहोत. तसं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, यातल्या वळशाचे आपण पैसे घेतो. कळसा काकांच्या काखेत होता. ते पगारावर होते, म्हणून त्यांचं बोलणं फुकट होतं. तुमचं महाग होतं, म्हणून ते खरं वाटलं. वळसाही अगदीच वाया गेला असं नाही, दोन वर्षं अडलेलं वाक्य खालून वर पोचलं. पण पोचवणं म्हणजे शोधणं नव्हे.

म्हणून शेवटची सूचना, जी कुठल्याही प्रशिक्षणात मिळणार नाही. साठ स्लाइड झाल्या की एकसष्टावी करा. तिच्यावर चौकोन नको, बाण नको. पॉलिशवाल्या काकांचं नाव लिहा, पूर्ण, आडनावासकट. मॅनेजर ती काढायला सांगेल. तेवढा एक ‘छोटासा बदल’ करू नका.