टाचणाला टाचणी

बीएडच्या छात्राध्यापकाला सगळं येतं. पियाजे येतो, वायगॉट्स्की येतो, ब्लूमचं वर्गीकरण तर झोपेतही येतं. येत नाही ती फक्त सहावी 'क'.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी. दोन लेकरांची आई बाकावरून हात वर करते, 'सर, मी सांगू?' म्हणते आणि उत्तर बरोबर देते. आपण 'शाब्बास' म्हणायचं. झालं, प्रबलन कौशल्य आलं! 1963 च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये ही पद्धत निघाली, तेव्हा पाठ घ्यायचा, त्यावर बोलायचं आणि तोच पुन्हा घ्यायचा, असा बेत होता.

पुन्हा घेतो की आपणही. वहीत.

मग सराव पाठ. पस्तीस मिनिटांच्या तासाला आठ पानी टाचण. एका रकान्यात शिक्षक कृती, शेजारी विद्यार्थी कृती : 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.' हे आदल्या रात्रीच लिहून तयार. ज्योतिषी तरी एवढं छातीठोक लिहितो का?

घटक बाष्पीभवन. प्रस्तावनेचा प्रश्न : 'वाळत घातलेल्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे?' अपेक्षित उत्तर : हवेत. सहावी 'क'चं उत्तर : 'खालच्या काकूंच्या गॅलरीत.'

आता बोला! पोरगं चूक नाही. चाळीत राहतं, रोज भांडण ऐकतं. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं, असं दोन महिने पाठ केलं ते याच क्षणासाठी ना? पण टाचणात काकूंना रकाना नाही. 'बस खाली.'

मागच्या बाकावरचे निरीक्षक शेरा लिहितात : फलकलेखन सुवाच्य, आवाज शेवटपर्यंत पोहोचला. सही. गॅलरीबद्दल अवाक्षर नाही. त्यांना पुढच्या वर्गातला पाठ गाठायचा असतो.

टाचण सोडून समोरच्या मुलांकडे पाहणाऱ्याही होत्या की. बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडकांनी माँटेसरी वाचली, पण महागडी साधनं बोर्डी-कोसबाडला कुठून आणणार? दगड, पानं, शिंपले घेतले. मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. तिचं नावच कुरणशाळा. आज असता पाठ, तर शेरा मिळाला असता : तक्ता नाही.

2015 पासून बीएड दोन वर्षांचं झालं, शाळेतली आंतरवासिता वीस आठवड्यांची. कागदावर झकास. शाळेत मात्र 'आले का बीएडवाले? बरं झालं!' म्हणजे ऑफ तास, शिष्यवृत्तीचे फॉर्म, स्नेहसंमेलनाचा पडदा. मुरलेले गुरुजी बजावतात, 'पुस्तकातलं विसरा, इथं दरारा लागतो.' कॉलेजवाले बजावतात, 'शाळेतल्या सवयी उचलू नका.' ही दोघं कधी एका टेबलाशी बसलेली पाहिलीत?

चहाला बसतात. निरीक्षणाच्या दिवशी, मुख्याध्यापकांच्या खोलीत. पोहेही असतात.

फक्त बीएडच चालवणाऱ्या सुट्या कॉलेजांपैकी बहुतेक पैसे घेऊन पदव्या विकतात, हे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच लिहून ठेवलंय. त्यावर उपाय काय? 2030 पर्यंत चार वर्षांचं बीएड. म्हणजे टाचणं दुप्पट.

आणि हो, शेवटी चिंतन अहवालही असतो. वर्गात काय घडलं, आपण काय शिकलो, याचं प्रामाणिक आत्मपरीक्षण. परवा एक चाळला. छान होता. फक्त तिसऱ्या पानावर शाळेचं नाव गेल्या वर्षीचं राहिलं होतं.