दुर्रीची निष्ठा

पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंत, सर्वांत स्वस्त पोकर टेबलावर, निष्ठा अजून जिवंत आहे. पहिल्याच जागेवरच्या गृहस्थांना दुर्रीची जोडी येते. मागे आठ जण बोलायचे बाकी. त्यांच्या हाती काय असेल याची आगाऊ चौकशी गृहस्थांच्या शिष्टाचारात बसत नाही. ते पैसे भरतात. मागून कोणी पाचपट वाढवतो. जोडी एकदा जुळली की मोडायची नसते, सबब तेही भरतात.

फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, तिसरी दुर्री उतरण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. एरवी राजा, राणी, गुलाम येऊन बसतात आणि गृहस्थ दरबाराला साजेशा अदबीने पाने खाली ठेवतात.

या धोरणात एकच त्रुटी: फ्लॉपपर्यंत उगाच थांबावे लागते. रक्कम थेट काउंटरवर भरून पावती घेण्याची सोय झाल्यास बुफे गरम असतानाच गाठता येईल.

अर्थात श्रद्धेला फळ येतेच. परवा तिसरी दुर्री उतरली. गृहस्थांनी समोरची सगळी रास मध्ये लोटली. दुसऱ्या जागेवरच्या सद्‌गृहस्थांनीही लोटली. तेही इतका वेळ थांबलेच होते, तिर्रीसाठी.