स्वगृही मोटार-प्रक्षालनाचा सरंजाम

मोटार विकत घेण्यापूर्वी चार जाणत्यांची मसलत घ्यावी, कर्जाच्या कागदांवर सह्या करण्यापूर्वी व्याजाचा दर दोनदा वाचावा, आणि दुकानातून बाहेर पडताना चाकांखाली लिंबे ठेवूनच ती पुढे घ्यावी, एवढे व्यवहारज्ञान आपल्या समाजात सर्वत्र पसरलेले आहे. परंतु त्याच मोटारीस अंघोळ घालण्याची वेळ आली म्हणजे हाच विचारी गृहस्थ घरातील सर्वांत निरुपयोगी वस्त्र हुडकून काढतो, आणि ज्या गंजीफ्रॉकास त्याच्या स्वतःच्या अंगावर राहण्याचा अधिकार उरलेला नाही, त्याच्या हवाली लाखो रुपयांची मालमत्ता निर्धास्तपणे करून मोकळा होतो. या अनास्थेस आळा घालावा, एवढाच प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू आहे. ज्यांच्यापाशी मोटार नाही त्यांनीही ते वाचण्यास प्रत्यवाय नाही. शेजाऱ्यास सल्ला देण्यासाठी स्वतःची मोटार असावी अशी अट आपल्याकडे कोणत्याही काळी नव्हती.

प्रथम शत्रूची ओळख पटवून घ्यावी. धूळ ही मोटारीची वैरीण होय, असा जो सार्वत्रिक समज आहे तो धुळीवर अन्याय करणारा आहे. धूळ येते, बसते, आणि कोणी हात लावला नाही तर महिनोन्महिने त्याच जागी स्वस्थ बसून राहते. तिच्या अंगचा उपद्रव प्रकट होतो तो मालकाने तिच्यावर फडके ठेवून जोर लावल्याच्या क्षणापासून. कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक लेप, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि त्यावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर, असे एकंदर 100 ते 150 मायक्रॉनांचे आच्छादन साधारणतः असते. पैकी ज्या पारदर्शक थरावर मोटारीची सारी चकाकी अवलंबून, तो सुमारे 35 ते 50 मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या डोक्यावरील केसाच्या जाडीहूनही कमी. उलटपक्षी रस्त्यावरील धुळीत वाळूचे कण असतात, खडीच्या क्रशरमधून उडालेली काळ्या पाषाणाची भुकटी असते. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने 1812 साली कठिणतेची जी श्रेणी घालून दिली तीत वाळूतील क्वार्ट्झला सातवे स्थान आहे आणि आपल्या सह्याद्रीच्या दगडातील खनिजे सहाच्या आसपास आहेत. अशा मंडळींना फडक्याखाली दाबून त्या केसभर थरावरून फिरवणे म्हणजे काय, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी काळ्या मोटारीच्या टपावर ऊन पडलेले असताना सूर्याचे प्रतिबिंब नीट न्याहाळावे. त्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यागत बारीक वर्तुळे दिसतात. वास्तविक ओरखडे सर्व दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. परंतु जे प्रकाशाला आडवे पडलेले तेच चमकतात, म्हणून सूर्य जेथे दिसेल तेथे त्याच्याभोवती वर्तुळ उमटते आणि मालक पुढे सरकला की वर्तुळही त्याच्याबरोबर पुढे सरकते.

एवढे ध्यानात आले की सरंजामाची निवड सोपी होते, कारण प्रत्येक वस्तूस एकच प्रश्न विचारावयाचा: तू धूळ उचलून नेतेस, की जागच्या जागी घासतेस? या प्रश्नास कुंचा पहिल्याच फेरीत नापास होतो. सकाळी कचेरीस निघताना कोरड्या मोटारीवर चार हात कुंचा फिरवण्यात जो रुबाब आहे तो मला मान्य आहे, तथापि रुबाबासाठी एवढी किंमत मोजणे परवडण्याजोगे नाही. त्याच न्यायाने, भल्या पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात साऱ्या इमारतीच्या मोटारी पुसून देण्याचा जो मासिक मक्ता सोसायट्यांतून दिला जातो, त्याचाही फेरविचार व्हावा. दोष मक्तेदाराचा नाही. आपण त्यास देतो त्या रकमेत दुसरी बादली बसत नाही.

आणि सारा प्रश्न दुसऱ्या बादलीचाच आहे. एकीत साबणाचे पाणी असावे, दुसरीत निव्वळ स्वच्छ पाणी. मोटारीवरून हात फिरवून आला की तो आधी स्वच्छ पाण्यात खळबळून, पिळून, मगच साबणाच्या हद्दीत दाखल करावा. पंधरा-वीस लिटरच्या, कडीच्या, साध्या बादल्या या कामास उत्तम. स्वच्छ पाण्याच्या तळाशी एक जाळी बसवावी, म्हणजे खाली बसलेली रेती पुन्हा वर येऊन हाताला लागत नाही. या कामासाठी खास घडवलेली प्लास्टिकची जाळी बाजारात मिळते. परंतु स्वयंपाकघरातील जुनी पुरणाची चाळणी पालथी घातली असता तितकेच काम देते, फक्त ती उचलण्याची वेळ विचारपूर्वक निवडावी. अर्धे बॉनेट धुऊन झाल्यावर बादलीत डोकावून पाहणाऱ्यास चाळणीखाली जमलेला करडा थर दिसेल, आणि आजवर तो कोठे जात होता, याचा उलगडा अन्य कोणी करून देण्याची गरज उरणार नाही. चाकांसाठी मात्र तिसरी बादली आणि वेगळे फडके राखून ठेवावे, आणि त्यांचा क्रम शेवटचा लावावा. चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते, तिला वरच्या मुलुखात प्रवेश देऊ नये.

हाताला काय घालावे? गंजीफ्रॉकाचा निकाल वर लागलाच आहे. जुना सदरा त्याहून घातक, कारण त्याचे एखादे बटण स्वामिनिष्ठेने शेवटपर्यंत टिकून राहिलेले असते. स्पंजाचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे वाळूच्या कणाला पळून जाण्यास जागा मिळत नाही. म्हणून मायक्रोफायबरचा, बोटभर शेवया लोंबत असल्यासारखा दिसणारा हातमोजा घ्यावा. कण त्या शेवयांच्या आत शिरतो आणि रंगापासून दूर राहतो. ज्या तंतूच्या 9,000 मीटर लांबीचे वजन एक ग्रॅमही भरत नाही, त्याला मायक्रोफायबर म्हणावे असा दंडक आहे. रेशमाचा तंतू साधारण त्या सीमारेषेवर येतो. मोटारीस रेशमाहून तलम वस्त्राने न्हाऊ घालणे कित्येकांस अतिरेकी वाटेल, पण त्या मोज्याची किंमत एका वेळच्या जेवणाहून फारशी अधिक नाही. तो जमिनीवर पडला तर मात्र त्या दिवसापुरता बडतर्फ करावा.

साबणाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मोटारीसाठीचा, सामू सातच्या आसपास असलेला शाम्पू घ्यावा आणि बाटलीवर लिहिले आहे तितकाच घालावा. भांड्यांचा साबण तूप काढण्यासाठी जन्मास आलेला असून मोटारीवरील मेणाचा लेप आणि तूप यांत तो भेद करीत नाही. कपड्यांची पावडर तर क्षारधर्मी असते. दसऱ्याच्या दिवशी घाई असली म्हणून या नियमास अपवाद करू नये.

आता ज्या यंत्राची वाचक मघापासून वाट पाहत आहेत, त्याकडे वळू. जर्मनीतील केर्शर कारखान्याने 1950 साली गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र बनवले आणि 1984 मध्ये घरी वापरता येईल असे लहान यंत्र बाजारात आणले. तेव्हापासून हाती पिस्तूल घेऊन स्वतःच्या मालमत्तेवर मारा करण्याची सोय सर्वसामान्य गृहस्थासही उपलब्ध झाली आहे. गच्चीवरील टाकीचे पाणी दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब देते. घरगुती यंत्राच्या खोक्यावर 100 ते 130 बार असे छापलेले असते. हा आकडा पाहून ज्याची छाती फुगली तो दुकानदाराच्या ताब्यात गेला असे समजावे. मोटारीला एवढ्या दाबाची गरज नाही. तिला रुंद फवारा हवा. काही यंत्रांबरोबर रंगीत तोट्या येतात: लाल तोटी पाण्याची सरळ सुई काढते, पिवळी पंधरा अंशांचा, हिरवी पंचवीस अंशांचा आणि पांढरी चाळीस अंशांचा पंखा. मोटारीवर पांढरीच वापरावी आणि एक फूट तरी अंतर राखावे. लाल तोटी घरी आल्या आल्या कडीकुलपात टाकावी. तिने टायरची बाजू जखमी होते, आणि खडी लागून जेथे टवका उडालेला असतो तेथे पाणी रंगाखाली शिरून उरलेला रंगही सोलून काढते. यंत्राचा खरा उपयोग हात लावण्यापूर्वीच बहुतेक धूळ वाहवून टाकणे हा आहे, आणि तेवढ्यापुरते ते गुणी आहे.

विजेच्या बाबतीत विनोद तहकूब ठेवतो. दीड हजार वॉटच्या आसपासचे हे यंत्र ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी चालवले जाते. त्यास अर्थिंग असलेला सोळा अँपियरचा पॉवर पॉइंट हवा, आणि त्या वाहिनीवर 30 मिलिअँपियर गळतीस तुटणारा आर.सी.सी.बी. हवा. दूरचित्रवाणीमागची एक्स्टेन्शन खिडकीतून खाली सोडण्याची जी प्रथा आहे ती तात्काळ बंद करावी. पायांत रबरी तळव्याच्या चपला असाव्यात. एवढी तजवीज होत नसेल तर यंत्र घेऊ नये. साधी नळी आणि तिच्या तोंडाशी झारीसारखी तोटी पुरते.

सोसायटीचा प्रश्न निराळा. मिनिटाला सहा-सात लिटर पाण्यात भागवणारे हे यंत्र मोकळ्या सोडलेल्या नळीच्या मानाने काटकसरी आहे. परंतु चिटणिसांना यंत्राचा आवाज ऐकू येतो आणि पाण्याची बचत ऐकू येत नाही. पाणीकपातीच्या दिवसांत तर हा वाद घालूच नये.

उरले पुसणे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा तो वसूल पुढे साबणालाही भीक घालीत नाही. सबब मोटार सावलीत, बॉनेट थंड असताना धुवावी आणि लगेच टिपावी. यासाठी 800 जी.एस.एम.च्या वरचा जाड, मोठा मायक्रोफायबरचा टॉवेल घ्यावा. तो पत्र्यावर अंथरून अलगद ओढावा, घासू नये.

हे टॉवेल स्वतः कसे धुवावेत याविषयी दुकानदार मौन पाळतात. सुती कपड्यांबरोबर टाकल्यास सुताची लव त्यांत अडकून बसते. कपडे मऊ करण्याचे द्रव्य घातल्यास त्यांची पाणी पिण्याची ताकद जाते. गरम इस्त्रीने तंतू वितळतात. थोडक्यात, त्यांच्यासाठी धुलाईयंत्राची स्वतंत्र फेरी मंजूर करून घ्यावी लागते. हा अर्ज घराचा कारभार ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे, पुरणाच्या चाळणीची चौकशी सुरू होण्यापूर्वी, दाखल करावा. नामंजूर झाल्यास टॉवेल हाताने धुवावेत; बादल्या तीन आहेतच.